जामीनदाराचा हिशेब

गेल्या महिन्यात भाच्याच्या वास्तुशांतीला पुण्याला गेलो होतो. जेवणे झाली, मंडळी सतरंजीवर लवंडली आणि भाच्याच्या मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला. मुलगी बारावीला आहे. तिला जीवशास्त्र आवडते, पण डॉक्टर व्हायचे नाही म्हणते. (हे ऐकून तिच्या आजीचा चेहरा जो पडला तो संध्याकाळच्या चहापर्यंत वर आला नाही.)

भाचा सॉफ्टवेअरमधला. तो म्हणाला, "मामा, बायोलॉजी म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. पाच वर्षं घाला आणि पंधरा हजारावर लागा." त्यावर त्याचे सासरे, हे निवृत्त प्राचार्य, सावरून बसले आणि म्हणाले की विद्येचे मोल पैशात करायचे नसते. सगळ्यांनी माना डोलावल्या. गंमत म्हणजे ज्यांनी भाच्याच्या बोलण्यावर माना डोलावल्या होत्या त्यांनीच याही बोलण्यावर डोलावल्या.

मी गप्प बसलो. पाहुण्याच्या घरी, तेही वास्तुशांतीच्या दिवशी, वाद नको म्हणून. पण परतीच्या गाडीत भिगवणपासून सोलापूरपर्यंत तेच डोक्यात घोळत होते. दोघांचेही चुकते आहे, आणि दोघांनाही तसे सांगायचा मला थोडा अधिकार आहे. कारण मी एका जीवशास्त्राच्या पदवीचा जामीनदार आहे. म्हणजे अगदी बँकेच्या कागदावर सही केलेला.

गोष्ट २०११ सालची. आमच्या शाळेतून कधी काळी शिकून गेलेला एक विद्यार्थी पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला. बायको घरी विड्या वळते. त्यांच्या मुलीला बारावीला चांगले गुण मिळाले, जीवशास्त्रात तर फारच चांगले, पण वैद्यकीयच्या सीईटीत नंबर लागला नाही. समाजाच्या गुणगौरव समारंभात तिचा सत्कार होता आणि पाहुणा म्हणून मी होतो. शाल, श्रीफळ घेऊन मी भाषण केले. काय बोललो ते आजही आठवते. आवडीचा विषय घ्या, पैशाचा विचार करू नका, सरस्वतीच्या मागे लक्ष्मी येतेच. टाळ्या पडल्या. म्हणजे पुण्याला व्याही जे बोलले ते मीच तेव्हा माईकवरून बोललो होतो.

मुलीने माझे ऐकले. सोलापुरात दयानंद महाविद्यालय १९४० पासून आहे, संगमेश्वर १९५३ पासून आहे. घरापासून सिटी बसने अर्ध्या तासात जाता येते. पण प्राणिशास्त्र घेऊन साधी बी.एस्सी. केली म्हणजे "मेडिकलला लागली नाही म्हणून" असे सगळी गल्ली म्हणणार. बायोटेक म्हटले की तसे कोणी म्हणत नाही. त्या काळात या शब्दाला केवढे तेज होते ते आठवा! १९९७ साली डॉली मेंढीची बातमी आली, २००३ मध्ये मानवी जनुकांचा नकाशा पुरा झाला, २००४ मध्ये बायोकॉन शेअर बाजारात उतरली. वर्तमानपत्रांच्या करिअर पुरवण्यांत दर आठवड्याला पांढरा कोट घातलेली आणि नळीकडे डोळे बारीक करून पाहणारी एक मुलगी असायचीच. पुण्याकडच्या एका खाजगी संस्थेचे गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक त्यांच्या घरी आले. त्यातही तीच मुलगी. फी, वसतिगृह, मेस मिळून वर्षाला १ लाख २० हजार रुपये.

पहिली तीन वर्षे म्हणजे ३ लाख ६० हजार. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, बाहेरचा जामीनदारही लागत नाही. म्हणून तोवर माझा काही संबंध आला नाही. २०१४ मध्ये बी.एस्सी. झाली. नोकरी शोधली तर सगळीकडे एकच उत्तर, एम.एस्सी. हवी. आणखी दोन वर्षे, आणखी २ लाख ४० हजार. आता आकडा चार लाखांच्या वर गेला आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे बँकेने तिसऱ्या माणसाची हमी मागितली. मुलीचा बाप माझ्याकडे आला. दारातच चप्पल काढून उभा. "सर, सही तेवढी करा की. बाकीचं मी बघतो." तुम्हीच तर सांगितले होते, असे तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरे झाले असते. मी सही केली. पेन्शनर असलो तरी घर स्वतःचे, म्हणून बँकेने चालवून घेतले.

आता हिशेब सांगतो. मी बी.ए. मराठी, गणिताशी माझे कधी जमले नाही, पण चक्रवाढ व्याज माणसाला उतारवयातही शिकवते.

दरवर्षी १ लाख २० हजार उचलले, पाच वर्षे. व्याज सोयीसाठी १२ टक्के धरू, त्या सुमारास दर त्याच्या आसपासच होते. कॉलेजात असताना आणि पुढे नोकरी शोधण्याच्या वर्षात हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज मात्र सरळव्याजाने मोजले जात असते. हे वाक्य अर्जावर बारीक अक्षरात असते आणि ते आम्ही कोणी वाचले नव्हते. पहिल्या वर्षी उचललेल्या पैशावर सहा वर्षांचे व्याज, दुसऱ्या वर्षीच्यावर पाच, असे करत शेवटच्यावर दोन वर्षांचे. सगळे मिळून २ लाख ८८ हजार. म्हणजे सहा लाखांचे कर्ज पहिला हप्ता भरायच्या आधीच ८ लाख ८८ हजार झाले. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता १२,७४० रुपये. एकशे वीस हप्त्यांचे होतात १५ लाख २८ हजार ८०० रुपये.

मुलीला २०१६ मध्ये पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. पगार ११,०००.

परत वाचा. पगार अकरा हजार, हप्ता पावणेतेरा हजार. पुण्यात राहणे, खाणे, बस वेगळे. तिने एका खोलीत चौघींबरोबर दिवस काढले. घरी बापाने दुसरी पाळी धरली, आईने विड्या वाढवल्या, आणि तरीही २०१८ मध्ये तीन हप्ते थकलेच. मग माझ्या घरी बँकेचे पाकीट आले. सही घेऊन देणारा पोस्टमन माझाच जुना विद्यार्थी निघाला, त्यामुळे दारात उभ्यानेच ते फोडणे जिवावर आले. सौ.ने विचारले, कुणाचे? मी म्हटले, पेन्शनचे. इतक्या वर्षांच्या संसारात जी काही थोडी खोटी बोललो त्यातले ते एक.

आठ हप्ते मी भरले. हे मोठेपणासाठी सांगत नाही. ज्याने टाळ्या घेतल्या त्यानेच भरले, एवढाच त्याचा अर्थ. मुलगी त्यातले दरमहा थोडे थोडे परत करते. नको म्हटले तरी करते.

आता भाच्याकडे वळतो. तो म्हणतो, म्हणजे माझेच खरे ना मामा? नाही रे बाबा. तू विषयाला दोष देतोस आणि मी कर्जाला देतो. तीच मुलगी सोलापुरात अनुदानित वर्गात प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र शिकली असती तर माझ्या अंदाजाने बी.एस्सी., एम.एस्सी. दोन्ही मिळून खर्च लाखाच्या आत झाला असता. पगार कदाचित तोच मिळाला असता, अकरा हजार. पण ते अकरा हजार तिचे असते. नेट-सेटचा अभ्यास करायला वर्षभर घरी बसायची चैन तिला परवडली असती. आमच्या मुलीला वर्षभर काय, पंधरा दिवस घरी बसायची सोय नव्हती. हप्त्याची तारीख आली की हाती असेल ती नोकरी धरून ठेवायची. कर्जाचा खरा तोटा पंधरा लाखांच्या आकड्यात दिसत नाही, तो या थांबता न येण्यात आहे.

कारण जीवशास्त्राची शिडी लांब आहे. नर्सिंग केलेली मुलगी, फार्मसी केलेला मुलगा यांची कौन्सिलकडे नोंदणी होते, तो कागद दाखवून काम मागता येते. रसायनशास्त्राचा बी.एस्सी. चिंचोळीच्या एमआयडीसीत निदान गेटवर जाऊन उभा तरी राहू शकतो. जीवशास्त्राच्या नुसत्या पदवीला असली कसली पाटी लावता येत नाही. पॅथॉलॉजीत जायचे तर वरून डी.एम.एल.टी. करा. शिक्षक व्हायचे तर २०१५ पासून दोन वर्षांचे झालेले बी.एड. करा, मग टीईटी, मग भरतीची वाट पाहा. २०१२ नंतर तर राज्यातली भरती बरीच वर्षे अडकूनच पडली होती. आणि लागलातच, तर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक. माध्यमिकला त्याचे मानधन २०२३ मध्ये वाढून १८,००० झाले, तोपर्यंत ८,००० होते. संशोधनात जायचे तर नेट देऊन जेआरएफ मिळवा. ती मिळाली तर छानच, २०२३ पासून महिना ३७,००० आहेत, पण मिळणारे किती? मग पीएच.डी., मग बहुधा परदेश. खरी कमाई सुरू व्हायला तिशी उलटते. ज्या शिडीच्या पायऱ्या इतक्या, तिच्यावर चढणाऱ्याच्या पाठीवर पहिल्याच पायरीला व्याजाचे पोते देणे हा शुद्ध अविचार आहे. इंजिनिअरिंगसाठी बेतलेला कर्जाचा अंगरखा आपण बायोटेकच्या पोराला घालतो.

व्याजमाफीचे म्हणाल, तर तीही आम्ही पाहिली. केंद्राची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे, साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नासाठी. पण ती व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांची. तुमची बी.एस्सी. त्यात बसत नाही, असे बँकेत सांगितले गेले. माहितीपत्रकात ती "टेक" होती, खिडकीवर गेल्यावर नुसती बी.एस्सी. उरली! २०२४ मध्ये प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी आली, तिच्यात आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला तीन टक्के व्याजसवलत आहे, पण ती देशातल्या निवडक नामांकित संस्थांपुरती. त्याच वर्षी महाराष्ट्राने आर्थिकदृष्ट्या मागास आणि ओबीसी वगैरे मुलींना फी माफ केली. स्वागतच आहे. पण तीही व्यावसायिक अभ्यासक्रमांची. मूलभूत विज्ञान शिकणारी गरीब मुलगी कुणाच्याच यादीत पहिली नाही.

विषय टाकाऊ आहे म्हणावे तर माझा जिल्हाच त्याला साक्ष द्यायला तयार नाही. डाळिंबावर तेल्या पडला तेव्हा सांगोल्याकडच्या लोकांनी बागाच्या बागा उपटल्या. तेल्या हा जिवाणू. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ मध्ये झाले. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. निरोगी रोपे हवीत म्हणून आता उतिसंवर्धनाची रोपे लावतात, ती बाटलीत वाढवणारे हात जीवशास्त्र शिकलेलेच. नान्नजला माळढोकाचे अभयारण्य आहे, आणि त्याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका द्राक्ष काढले. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या यीस्टवर चालतात. २०२० मध्ये तर सबंध देश एका चाचणीच्या निकालाकडे डोळे लावून बसला होता. ती चाचणी करत कोण होते? अकरा-बारा हजारांवर ठेवलेली हीच पोरे.

आमची मुलगी तेव्हा नोकरी सोडून सोलापूरला परतलेली होती, इथे डी.एम.एल.टी. करून एका प्रयोगशाळेत लागली होती. मे-जूनमध्ये सोलापुरात काय चालले होते ते इथल्यांना सांगायला नको. पीपीई किट घालून बारा-बारा तास ती नमुने लावायची. त्यासाठी जादा माणसे कंत्राटावर घेतली, लाट ओसरल्यावर त्यांना घरी पाठवले. ही कशीबशी राहिली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ता न भरण्याची मुभा दिली होती. हिने घेतली. हप्ता थांबला, व्याज चालूच होते. टाळ्या आणि थाळ्या आम्ही गॅलरीतून वाजवल्या, मीही वाजवली. त्यातली एकही हप्त्यात वळती झाली नाही.

आता व्याह्यांविषयी. त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि म्हणूनच हे जास्त कडू लिहितो. विद्येचे मोल पैशात करू नये, हे बोलण्याचा हक्क फक्त फुकट शिकलेल्यांना परवडतो. आमची पिढी तशी होती. १९५९ पासून ईबीसी सवलत होती. बापाच्या उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडून आणायचा आणि फी माफ. मी बी.ए. केले तेव्हा इथली कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, आणि माझ्या वडिलांना माझ्या पदवीपायी एक रुपया कर्ज झाले नाही. साहित्य का घेतलेस, असे मला कोणी विचारले नाही, कारण विचारण्यासारखे काही पणाला लागलेच नव्हते. पुढे विनाअनुदानित वर्ग वाढत गेले. जुने विषय बहुधा अनुदानित राहिले, नवे आकर्षक नावांचे विषय बहुधा विनाअनुदानित निघाले. गरिबाच्या पोराने अद्ययावत शिकायचे तर त्यानेच सगळा खर्च सोसावा, अशी ही व्यवस्था. आम्ही मास्तर मंडळी मात्र जुनेच भाषण करत राहिलो. व्याहीसाहेब, विद्येचे मोल पैशात करणारा तुमचा जावई नाही, ते काम संस्थेच्या फीच्या पावतीने कधीच केलेले असते. मुलीच्या बापाने मोल काढले तर तो हिशेबी, आणि संस्थेने काढले तर ती ज्ञानमंदिर?

त्या संस्थेने मुलीची फसवणूक केली असे मी म्हणत नाही. शिकवले त्यांनी बरे. पण माहितीपत्रकावर "शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य" असे छापले होते. साहाय्य, हं. नोकरी नव्हे. मागच्या वर्षी किती मुले कुठे लागली आणि पहिला पगार काय, असे आम्ही विचारायला हवे होते. टॉवेलचा गठ्ठा घेताना सोलापूरचा माणूस दोन तागे उलगडून बघतो, वजन करतो. सहा लाखांची पदवी मात्र चित्र बघून घेतली. प्रत्येक संस्थेने विषयवार पहिला पगार प्रवेशअर्जावर छापलाच पाहिजे, आणि न छापणाऱ्या संस्थेच्या मुलाला बँकेने कर्ज देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बँका तरी एवढे बघत का नाहीत? कारण खाली माझ्यासारख्या एखाद्याची सही असते.

दुसरे असे की हप्ता पगाराकडे बघून ठरावा. हे काही माझ्या डोक्यातून निघालेले खूळ नाही. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून असे आहे. उत्पन्न ठराविक रकमेवर गेले की करासोबत वसुली, त्याखाली असेल तर काही नाही. इंग्लंडमध्येही साधारण तसेच. आपल्याकडे पगार अकरा हजार असो की एक लाख दहा हजार, हप्ता तोच आणि तारीखही तीच.

तोवर माझा घरगुती नियम सांगतो. ज्या नोकरीची खात्रीने अपेक्षा आहे तिच्या पहिल्या वर्षाच्या पगाराहून जास्त कर्ज, सगळे शिक्षण मिळून, काढू नये. आमच्या मुलीला तो १ लाख ३२ हजार बसला असता. कॉलेजातल्या वर्षांचे व्याज धरूनही पाच वर्षांत फेडायला महिना साडेचार हजारांच्या आत. जड गेले असते, पण बँकेचे पाकीट माझ्या दारात आले नसते. यावर भाचा म्हणेल, एवढ्या कर्जात पुण्याचे खाजगी कॉलेज होत नाही. बरोबर आहे. होत नाहीच. मग ते घेऊ नये.

आणि आता नवीन धोरणात पदवी चार वर्षांची करता येते. चौथे वर्ष ऐच्छिक आहे. फुकट शिकणाऱ्याला ते संशोधनाचे दार आहे, कर्जावर शिकणाऱ्याला आणखी एका वर्षाचे व्याज. वर्ग तोच, बाक तोच.

भाच्याच्या मुलीचे काय? तिचा बाप फी रोख भरू शकतो. तिने खुशाल जीवशास्त्र घ्यावे, बेडूक, बुरशी, काय हवे ते शिकावे. तिच्या बाबतीत भाच्याचा विरोध हा हिशेब नाही, नुसती भीती आहे. हिशेब करायची गरज ज्यांना आहे त्यांच्या घरी वास्तुशांतीनंतर असली चर्चाच होत नाही, तिथे सरळ फॉर्म भरला जातो.

आमच्या मुलीला आता २६ हजार मिळतात. शेवटचा हप्ता २०२७ मध्ये. परवा तिचा फोन आला. धाकट्या चुलत भावाला बी-ग्रुप आहे, नीटमध्ये जमले नाही. २०२४ च्या नीटला तेवीस लाखांवर मुले बसली होती, तेव्हा त्यात लाजण्यासारखे काही नाही हे त्याला समजावून झाले. पण घरात पुन्हा एक गुळगुळीत माहितीपत्रक आले आहे. या वेळी विषयाचे नाव आणखी लांब आहे, तिला फोनवर नीट वाचताही येईना. फी विचारली तर म्हणाली, "सर, भेटल्यावर सांगते."

मंगळवारी दोघे येणार आहेत. मी हप्त्यांची जुनी वही काढून टेबलावर ठेवली आहे.